माझा शब्द चालला पाहिजे

व्यसनमुक्ती केंद्रात नवा पेशंट आला की आधी केस पेपर भरला जातो. दारू कधी सुरू झाली, रोज किती लागते, सकाळी हात थरथरतात का, कधी फिट आली होती का, याआधी कुठे उपचार घेतले, घरी कोण कोण आहे. हे सगळं विचारावंच लागतं, कारण पहिल्या आठवड्याचे औषधोपचार त्यावर ठरतात. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी थांबली तर भास होतात, झटके येतात, जिवावरही बेतू शकतं. समुपदेशक म्हणून या कामात मुरत गेले तसा मी या यादीला माझा एक प्रश्न जोडला. शरीर सावरलं, माणूस नीट जेवायला-झोपायला लागला, की निवांत वेळ बघून मी विचारते, "प्यायल्यावर तुम्ही कोण होता?"

दारू का पिता, असं विचारलं तर पाठ झालेली उत्तरं येतात. टेन्शन, मित्रांचा आग्रह, अंगदुखी, धंद्यातली खोट. हा प्रश्न विचारला की मात्र माणूस थबकतो आणि मग काहीतरी वेगळंच सांगतो. एक रिक्षाचालक म्हणाले, "मग मी कुणाच्या बापाला घाबरत नाही." एका बँक अधिकाऱ्याने सांगितलं, "साहेबांसमोर दिवसभर गिळलेलं सगळं मी रात्री मनातल्या मनात त्यांना सुनावतो, आणि त्यात दरवेळी मीच जिंकतो." कॉलेज अर्धवट सोडलेला एक मुलगा खाली बघत म्हणाला, "ताई, मग मी कुणीतरी आहे असं वाटतं." (या लेखात ज्यांच्याविषयी लिहिलं आहे त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

अशी उत्तरं ऐकत गेल्यावर माझं एक मत बनलं. व्यसनाकडे आपण मौजेची चटक म्हणून बघतो. ती असतेच. पण पुष्कळांच्या बाबतीत तिच्या तळाशी सत्तेची भूक असते. सत्ता म्हणजे इथे फक्त खुर्ची नव्हे. माझा शब्द चालला पाहिजे, मला कुणी 'नाही' म्हणता कामा नये, माझ्यापुढे कुणीतरी झुकलं पाहिजे, ही ती भूक. प्रत्येक व्यसनी माणसाला हे लागू होतं असं मी म्हणणार नाही. घराण्यातली आनुवंशिकता असते, उपचाराविना राहिलेलं नैराश्य असतं, गल्लीच्या तोंडाशी दुकान असतं, रात्रपाळीची झोपमोड असते. एका कारणात कुणाचंच व्यसन मावत नाही. पण या एका कारणाविषयी आपल्याकडे फार कमी बोललं जातं, आणि उपचार अर्ध्यावर फसण्यात त्याचा हात मोठा असतो.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड आणि त्यांचे सहकारी यांनी नेमक्या याच प्रश्नावर संशोधन केलं. १९७२ साली त्यांचं 'द ड्रिंकिंग मॅन' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. प्यायच्या आधी आणि प्यायल्यावर पुरुषांना चित्रं दाखवायची आणि त्यांवरून गोष्टी लिहायला सांगायच्या, अशी त्यांची पद्धत होती. थोडी दारू पोटात गेल्यावर लिहिलेल्या गोष्टींत दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याच्या, कुणाला तरी आधार देण्याच्या सामर्थ्याची स्वप्नं दिसली. जास्त प्यायल्यावरच्या गोष्टींत समोरच्यावर मात करण्याची, त्याला नमवण्याची स्वप्नं वाढली. पुरुष मुख्यतः आपण बलवान आहोत असं वाटावं म्हणून पितात, आणि ज्याला स्वतःच्या वर्चस्वाची ओढ जास्त तो जास्त पितो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पहिल्या पेगला मित्राचं बिल भरणारा माणूस चौथ्या पेगला त्याच मित्राची कॉलर धरतो, हे दृश्य आपल्या प्रत्येक ढाब्यावर दिसतं. त्यामागची चढण या संशोधनात मला सापडली.

दारू खरं तर कुणाला बळ देत नाही. ती मेंदूतला लगाम सैल करते. परिणामांचा विचार करणारा, स्वतःला तपासणारा भाग तिने मंदावतो आणि त्याच वेळी सुखाची जाणीव देणारं डोपामिन वाढतं. परिस्थिती होती तशीच राहते, फक्त तिची आठवण करून देणारा आवाज गप्प होतो. त्या गप्प झालेल्या तासाभराला माणूस आपलं राज्य समजतो.

मराठी रंगभूमीने ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच मांडून ठेवली आहे. राम गणेश गडकरी यांचं 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर, रंगमंचावर आलं. त्यातला सुधाकर हुशार आणि मानी वकील. तो मजा म्हणून दारूकडे वळत नाही. भर कोर्टात त्याचा अपमान होतो, सनद रद्द होते, आणि ती जखम ठसठसत असताना दारुडा तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. नाटकाची चर्चा होते ती त्याच्या बायकोच्या, सिंधूच्या, सोसण्यावर आणि दारूच्या दुष्परिणामांवर. केंद्रात काम करताना मला मात्र त्या पहिल्या प्याल्याआधीचा प्रसंग महत्त्वाचा वाटत आला आहे. काल ज्याचं सगळे ऐकत होते, आज त्याचं कुणी ऐकत नाही. असे सुधाकर आमच्याकडे अजूनही येतात.

त्यांपैकी एक माजी सरपंच होते. त्यांचं पिणं आधी बेताचं होतं, पंचायतीच्या कामांनंतर, चार माणसांत. पुढच्या वेळी पद दुसऱ्या प्रवर्गासाठी राखीव झालं आणि त्यांचं पॅनेलही पडलं. ते म्हणाले, "मॅडम, सकाळी सहापासून ओट्यावर माणसं असायची. कुणाचा दाखला, कुणाची मोजणी, कुणाच्या पोराचं ॲडमिशन. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ओटा रिकामा. फोनसुद्धा बिघडलाय की काय असं वाटायचं." पिण्याचं प्रमाण त्यानंतर वाढलं. दारू पाजली की पाच-सहा जण पुन्हा भोवती बसायचे, 'अण्णा, गाव अजून तुमचंच आहे' म्हणायचे. त्या वाक्यासाठी त्यांनी दीड एकर विकली. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट स्पष्ट झाली. दारूआधीच त्यांना लोकांच्या झुकलेल्या मानांची सवय लागली होती. ती मिळेनाशी झाली तेव्हा जी बेचैनी सुरू झाली तिचं वर्णन त्यांनी जे केलं, झोप न येणं, चिडचिड, अंगाची काहिली, ते दारू तुटलेल्या माणसाच्या लक्षणांशी जुळणारं होतं.

याची दुसरी बाजू ज्यांच्या वाट्याला आयुष्यात कधीच अधिकार आला नाही त्यांची. कंत्राटी कामगार, हमाल, सिक्युरिटीची बारा तासांची ड्युटी करणारे. दिवसभर कुणीही यावं आणि एकेरीत बोलून जावं. हा माणूस संध्याकाळी देशीच्या दुकानातून चपटी घेऊन घरी जातो आणि तिथे राज्य करतो. भाजी तिखट का झाली, पोरं गप्प का नाहीत, बायको कुणाशी बोलत होती. एकाने मला सांगितलं होतं, "कामावर मला कुणी माणूस समजत नाही. निदान घरात तरी घाबरतात." हे सांगताना त्याला आपण काही भयंकर बोलतोय असं वाटलं नव्हतं. त्याची बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "यांना दारू चढते म्हणून मारत नाहीत. साहेबाला नाही मारत, दुकानदाराला नाही मारत. मग मलाच कसं मारतात?" मारहाणीचा दोष दारूवर ढकलणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी आजही हाच प्रश्न विचारते. अपमान खरा असतो, त्याबद्दल मला कळवळा आहे. पण त्या अपमानाची वसुली आपल्यापेक्षा दुबळ्याकडून करण्याचा हक्क त्यामुळे मिळत नाही.

हुकमत आणि नशा यांचं नातं शरीरातही उमटतं, याचा एक पुरावा माकडांवरच्या अभ्यासातून मिळाला आहे. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या संशोधकांचा हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. आधी एकेकटी ठेवलेली माकडं नंतर चार-चारच्या गटात ठेवली. गटात वरचढ ठरलेल्या माकडांच्या मेंदूत डोपामिन ग्रहण करणारे डी-टू रिसेप्टर वाढलेले दिसले. दबून राहणाऱ्यांमध्ये ते वाढले नाहीत. कोकेन मिळण्याची सोय केल्यावर दबलेली माकडं त्याच्या मागे अधिक लागली. एकेकटी असताना त्यांच्या रिसेप्टरमध्ये असा फरक नव्हता. माणसाचं आयुष्य पिंजऱ्यातल्या चार माकडांपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचं आहे आणि सत्ता हे व्यसनावरचं औषध आहे असा अर्थ यातून काढता येणार नाही; सत्तेवर बसून दारूत बुडालेली माणसं आम्ही रोज बघतो. पण सततचं दबून राहणं मेंदूपर्यंत पोचतं, एवढं यातून शिकण्यासारखं आहे. 'मन घट्ट कर' असं पेशंटला सांगणाऱ्या नातेवाइकांना मी हा अभ्यास समजावून सांगते.

आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "मी मनात आणलं तर आत्ता सोडीन." ते खोटं नसतं. श्रावण, गणपती, एखादी माळ, एखादी शपथ, यांच्या आधाराने अनेकांनी महिना-महिना सोडलेली असते. मग घसरतात का? ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञाने दारूच्या व्यसनाविषयी १९७१ साली एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की पिणारा माणूस बाटलीशी कुस्ती खेळत असतो. 'मला जमतं' हे सिद्ध करण्यात त्याचा सगळा अभिमान गुंतलेला असतो. काही दिवस न पिता राहिला की कुस्ती जिंकल्यासारखं होतं. मग सिद्ध करायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे थोडी पिऊनही मी ताब्यात राहतो. पुढचा पेग त्या अभिमानातून येतो. आमच्या फॉलोअपला घसरून आलेली माणसं जे सांगतात ते याहून वेगळं नसतं. "एकच घेऊन बघितली, जमतंय का ते."

व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या बारा पायऱ्यांपैकी पहिली पायरी म्हणूनच इतकी अवघड जाते. दारूपुढे आपलं काही चालत नाही, आपलं आयुष्य आपल्या हाताबाहेर गेलं आहे, हे कबूल करणं ही ती पायरी. बायका ती लवकर चढतात असा माझा अनुभव आहे. पुरुषांना, त्यातही ज्यांनी हाताखाली माणसं वागवली आहेत त्यांना, ती अपमानासारखी वाटते. कारखान्यात शेकडो कामगार सांभाळलेले एक गृहस्थ मला म्हणाले होते, "हार मानायला मी इथे आलेलो नाही." तीन वेळा दाखल झाल्यावर, शेवटच्या वेळी, त्यांनी शेअरिंगमध्ये, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगण्याच्या बैठकीत, उभं राहून सांगितलं, "मला जमत नाही. मदत करा." त्यानंतरचे त्यांचे दिवस आधीच्या सगळ्या प्रयत्नांपेक्षा सोपे गेले, कारण कुस्तीच संपली होती.

ही संघटना सुरू करणाऱ्यांपैकी बिल विल्सन हे वॉल स्ट्रीटवर शेअरचा व्यवहार करणारे. आपण सगळ्यांत पुढे असलं पाहिजे, या हव्यासाविषयी त्यांनी स्वतः मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. १९३५ साली ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी ते डॉ. बॉब स्मिथ यांना भेटले आणि एका व्यसनी माणसाने दुसऱ्याला सावरायचं, ही पद्धत उभी राहिली. दारू सुटली तरी मोठेपणाची भूक सुटत नाही, हे त्यांनी वेळीच ओळखलं होतं. म्हणून १९५० साली संघटनेने बारा परंपरा स्वीकारल्या. नेते हे विश्वासू सेवक असतील, ते राज्य करणार नाहीत. कुणीही नाव मिरवणार नाही. १९५४ साली येल विद्यापीठाने देऊ केलेली मानद पदवी विल्सन यांनी नाकारली आणि १९५५ साली सेंट लुईसच्या अधिवेशनात संघटनेचा कारभार सदस्यांच्या हाती सोपवला. बाटली दूर ठेवणं आणि व्यासपीठ दूर ठेवणं ही त्यांच्या लेखी एकाच उपचाराची दोन अंगं होती.

दारू सुटल्यानंतरचा काळ म्हणून मला सर्वांत नाजूक वाटतो. नवरा केंद्रात असताना आणि त्याच्याही आधी कित्येक वर्षं घर बायकोने ओढलेलं असतं. एटीएम कार्ड तिच्याकडे, शाळेच्या फीची पावती तिच्याकडे, सावकाराला तोंड तिने दिलेलं. हा डिस्चार्ज घेऊन घरी जातो आणि तिसऱ्या दिवशी म्हणतो, "मी सोडली ना? आता कारभार माझ्याकडे दे." ती कचरते. त्याला तो अविश्वास सहन होत नाही. आवाज चढतो, ताट ढकललं जातं, मुलं पूर्वीसारखीच कोपऱ्यात जातात. बाटली नसते, बाकी सगळं तसंच असतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगमध्ये याला 'ड्राय ड्रंक' म्हणतात. दुसरीकडे, काही बायकांनाही हातातलं नियंत्रण सैल सोडणं जड जातं. खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, दहा मिनिटं उशीर झाला की दहा फोन. तिने हे जगण्यासाठी शिकलेलं असतं, तिला दोष देण्याचा प्रश्नच नाही. मी दोघांना समोरासमोर बसवते आणि घराची जबाबदारी एकेक करून कशी वाटून घ्यायची ते कागदावर लिहून घेते. या महिन्यात विजेचं बिल त्याने भरायचं. पुढच्या महिन्यात किराणा. कार्ड कधी, ते सहा महिन्यांनी ठरवू. एकदम दिलेला अधिकार आणि कधीच न दिलेला अधिकार, दोन्हींनी माणसं घसरलेली मी पाहिली आहेत.

केंद्रंही या भुकेपासून मुक्त नाहीत. बऱ्या झालेल्या पेशंटला वॉर्डची जबाबदारी देण्याची पद्धत चांगली आहे. त्याच्याइतकं नव्या माणसाचं दुखणं कुणाला कळणार नाही. पण कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला, घरी फोन कुणाला लावू द्यायचा हे ठरवण्याचा हक्क आला, की काहींच्या बोलण्यात वेगळाच ताठा येतो. असा एक कार्यकर्ता दारूपासून पूर्ण दूर होता आणि वॉर्डात सगळे त्याला घाबरत होते. आम्ही जबाबदाऱ्या ठराविक मुदतीने बदलायला लागलो, आणि वॉर्ड सांभाळणाऱ्यानेही आठवड्याच्या शेअरिंगमध्ये बसायचं असा नियम केला. काही ठिकाणी तर उपचाराच्या नावाखाली पेशंटला मारतात, बांधून ठेवतात, जबरदस्तीने उचलून आणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात आणि साखळीने बांधण्याला त्यात स्पष्ट मनाई आहे. वर्चस्वाच्या भुकेतून आजारी पडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वर्चस्वाखाली चिरडून बरं करता येत नाही. तो तिथून फक्त बदला घेण्याची इच्छा घेऊन बाहेर पडतो.

सार्वजनिक जीवनात सत्तेची आणि नशेची या दोन भुका उघडपणे एकमेकींना पोसतात. मतदान संपण्याच्या आधीच्या ४८ तासांत दारूविक्रीला कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. निवडणुकीच्या हंगामात ढाब्यावर पाजली जाणारी दारू फुकट नसते. देणाऱ्याला सत्ता हवी असते आणि घेणाऱ्याला चार दिवस 'भाऊंचा खास माणूस' म्हणून मिरवायचं असतं. अशा हंगामांनंतर पंचविशीतली मुलं आमच्याकडे येतात. गुलाल धुतला गेलेला असतो, पद कुणाला तरी भलत्यालाच मिळालेलं असतं आणि यांच्या हातात व्यसन उरलेलं असतं.

याच महाराष्ट्रात सत्तेचा दुसरा वापरही मी पाहिला आहे. उभी बाटली की आडवी बाटली, या मतदानात गावातल्या बायका रांगेत उभ्या राहतात आणि आडव्या बाटलीला पुरेशी मतं मिळाली की गावातलं दारूचं दुकान बंद होतं. या लढ्यांत उतरलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर जे बळ दिसतं ते कुणाला नमवून आलेलं नसतं. एकमेकींच्या सोबतीने आलेलं ते बळ दुसऱ्या दिवशी उतरत नाही. बऱ्या झालेल्या पेशंटमध्येही मी तेच पाहिलं आहे. ज्याला कुणीतरी ऐकून घेतं, ज्याच्या कष्टाला किंमत मिळते, जो दुसऱ्या पेशंटच्या उशाशी रात्रभर बसू शकतो, त्याला राजा होण्याची गरज फारशी उरत नाही.

म्हणून वाचकांकडे माझं मागणं आहे. घरात, नात्यात, कामाच्या जागी कुणी व्यसनातून बाहेर पडत असेल तर त्याला उपदेश कमी करा आणि काम द्या, जबाबदारी द्या, पण टप्प्याटप्प्याने. त्याचं म्हणणं ऐका, मात्र त्याचा शब्द शेवटचा आहे असं मानू नका. हाताखालच्या माणसाशी नीट बोला. तुमचा एक अपमान त्याच्या घरापर्यंत पोचतो. आणि जो दारूपासून दूर आहे पण घर अजून त्याला घाबरतं, त्याला बरा झाला असं म्हणू नका. त्याचा उपचार बाकी आहे.